पोटदुखीची फाईल: नववीतल्या एका मुलाचं प्रकरण

आधीच सांगते, यातलं गाव, वर्ग, घरची माहिती थोडी थोडी बदललीये म्हणजे कुणी शोधत बसू नये. मुलाला आणि त्याच्या आईला विचारून लिहितेय, आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "त्यात आमची म्हस कुठं हाय?" तर म्हैस पण येईल पुढे, आणि खरं म्हणजे तिचा वाटा मोठा आहे.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण) केलेली, एका छोट्या संस्थेकडून दक्षिण महाराष्ट्रातल्या द्राक्षपट्ट्यातल्या एका शाळेत आठवड्यातनं दोन दिवस जाते, मंगळवार आणि शुक्रवार. पाचवी ते दहावी, पाचशेच्या आसपास पोरं, अनुदानित शाळा, म्हणजे इमारत जुनी, शिक्षक बरे, कागद भरपूर. मी यायच्या आधी शाळेत समुपदेशक नव्हता असं नाही, होता. इंग्रजीचे सर. दोन दिवसांचं ट्रेनिंग झालेलं, सर्टिफिकेट लॅमिनेट करून स्टाफरूममध्ये लावलेलं. सर मनाने चांगले, हे आत्ताच लिहून ठेवते कारण पुढे वाचताना त्यांचा राग येईल, मलाही आला होता. पण त्यांच्याकडे आठवड्याचे तीसेक तास, शिवाय ऑनलाइन माहिती भरणं, शिवाय स्कॉलरशिपचे जादा तास, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचं मतदान होतं तेव्हा इलेक्शन ड्युटी. त्यात "समुपदेशन" हा आणखी एक चार्ज. चार्जच म्हणतात त्याला शाळेत, लायब्ररीचा चार्ज, खिचडीचा चार्ज, समुपदेशनाचा चार्ज.

मुलगा नववीतला, चौदा वर्षांचा. घरी एक एकर द्राक्षबाग, वडील शिवाय दुसऱ्याचा टेम्पो चालवतात, आई स्वतःच्या बागेतलं उरकून रोजगाराला जाते, आज्जी घरी, मोठी बहीण बारावीला. अभ्यासात मधला, साठ-पासष्ट टक्केवाला. कुणाच्या डोळ्यावर येणारा नाही, चांगल्या अर्थानेही नाही आणि वाईट अर्थानेही नाही, आणि अशी पोरं शाळेत सगळ्यात उशिरा दिसतात.

२०२४ ची दिवाळी संपली, शाळा सुरू झाली आणि याच्या पोटात दुखायला लागलं. सकाळी नऊ-साडेनऊला सुरू. कधी उलटी. रविवारी काही नाही. आईच्या शब्दात सांगायचं तर, "शाळंचं नाव काढलं की प्वाट दुखतंय, आन साडेधाची घंटा झाली की थांबतंय." शाळा घरापासून जवळ, प्रार्थनेची घंटा ऐकू येते. घंटा झाली, आता उशीर झाला, आता जायचं नाही, आणि दहा मिनिटांत पोट शांत. घरातल्यांना हाच पुरावा वाटला, बघा, नाटक आहे. वडिलांनी दोनदा मारलं पण. मग मात्र उलट्या वाढल्या तेव्हा घाबरून तालुक्याला डॉक्टर, अॅसिडिटीच्या गोळ्या, रक्त-लघवी, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. सगळं मिळून सहाएक हजार गेले. रिपोर्ट नॉर्मल आला की आपल्याकडे दोनच निष्कर्ष निघतात, एक तर पोरगं खोटं बोलतंय नाहीतर बाहेरचं काहीतरी आहे. वडील पहिल्या पार्टीत, आज्जी दुसऱ्या. आज्जीने मीठ-मोहरी ओवाळून टाकली, एका देवरुष्याकडे नेलं, उतारा टाकला. मी याला हसत नाही. आज्जी ही घरातली एकटी होती जी म्हणत होती की पोराला खरंच त्रास होतोय.

नोव्हेंबरात अकरा दिवस गैरहजर, डिसेंबर उजाडला तसा पूर्ण बंद.

आता शाळेने काय केलं. सर स्वतः घरी गेले, हे किती जण करतात? पोराला समजावलं, दुसऱ्या दिवशी शाळेत आणलं, स्टाफरूममध्ये खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "काय टेन्शन आहे तुला? बोल मोकळेपणाने." बाजूला तीन शिक्षक वह्या तपासतायत, एक बाई डबा खातायत. पोरगा म्हणाला, "काय न्हाई सर." दोनदा विचारलं, दोनदा काय न्हाई. मग सर त्याला वर्गात घेऊन गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याला जरा सांभाळून घ्या रे, टेन्शनमध्ये आहे तो." अगदी मायेने म्हणाले. त्या दिवसानंतर तो शाळेत आला नाही.

हे सगळं चालू होतं तेव्हा मी आठवड्यातनं दोनदा त्याच इमारतीत बसत होते आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी सप्टेंबरपासून यायला लागले होते, मला लायब्ररीच्या मागची खोली दिलेली, मॅप आणि मोडकी बाकं ठेवायची, आणि माझ्याकडे येत होती ती दहावीची हुशार पोरं, अभ्यासाचं टाइमटेबल करून घ्यायला. पोटदुखीवालं कोण येणार?

माझ्यापर्यंत हे आलं ते पेटीतून. तक्रारपेटी प्रत्येक शाळेत असते, आमच्याकडेही होती, हेडसरांच्या केबिनच्या दाराला लागून, बरोबर वर सीसीटीव्ही. महिन्यातनं एकदा कमिटीसमोर उघडायची, आत चॉकलेटचे कागद. मी आल्यावर एवढंच मागितलं की पेटी हलवा आणि किल्ली माझ्याकडे द्या. हेडसर मोठ्या मनाचे, म्हणाले न्या. पेटी पाण्याच्या टाकीशेजारी, लायब्ररीच्या बाजूच्या भिंतीला लावली, तिथे पाणी प्यायला सगळेच जातात त्यामुळे कोण कशाला थांबलंय कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यात सतरा चिठ्ठ्या. त्यातल्या सहा नववी ब च्या पंख्याबद्दल, पंखा बंद आहे, पंखा आवाज करतो, पंखा अंगावर पडेल. एक खिचडीत मीठ कमी. माझं तोंड पडलं खरं तर, मी काय काय दुःखं येतील म्हणून तयारीत. पण नंतर लक्षात आलं की पोरं तपासत होती, चिठ्ठी टाकली तर काही होतं का. हेडसरांच्या मागे लागून नवव्या दिवशी पंखा दुरुस्त केला, वायरमनचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून दिले, आणि त्यानंतर चिठ्ठ्यांचं अक्षर बदललं. बारीक अक्षरात, घडी घालून, कधी स्टेपल मारून.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वहीच्या पानाचा फाडलेला तुकडा आला: "टेबल शाळेत का येत नाही ते विचारा. आमी त्याला चिडवतो म्हणून. मी पण."

टेबल कोण? शिपाईमामांना विचारलं, ते हसले, "अवो तो नववीतला, पोटदुखीवाला." म्हणजे मामांना पण माहीत होतं. सगळ्या शाळेला माहीत होतं.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी इंग्रजीच्या तासाला एकेकाने उभं राहून धडा वाचायचा होता, याचा नंबर आला, याचा आवाज त्याच वर्षी फुटत होता, आणि "व्हेजिटेबल" वाचताना "टेबल"वर आवाज चिरकला. वर्ग हसला. सर पण हसले थोडे, आणि म्हणाले, "परत म्हण." परत तेच झालं. मधल्या सुट्टीत तिघांनी त्याला संडासाच्या मागे गाठून तो शब्द दहादा म्हणायला लावला आणि एकाने दप्तरात लपवून आणलेल्या मोबाइलवर शूट केलं. एकोणीस सेकंदाची क्लिप, खाली गाणं लावून. दिवाळीच्या सुट्टीत ती गावभर फिरली, पोरांच्या ग्रुपवर, क्रिकेटच्या ग्रुपवर, चुलतभावाच्या मोबाइलवर. नाव पडलं टेबल. सरांनी "टेन्शनमध्ये आहे" म्हटल्यावर त्याचं झालं "टेन्शन टेबल".

म्हणजे बघा, ज्या तासाला हे झालं तो तास ज्यांचा, तेच सर समुपदेशक. त्या पोराने स्टाफरूममध्ये त्यांना नक्की काय सांगायचं होतं?

मी घरी गेले. आई डिपिंगला गेलेली (द्राक्षाचे घड औषधात बुडवायचं काम असतं, सीझनला बायकांना उसंत नसते), आज्जीने चहा केला, आणि पोरगा गोठ्यात. मी गोठ्यात जाऊन बसले. तो माझ्याकडे बघत नव्हता, म्हशीच्या पाठीवर हात फिरवत होता, मी विचारलं तिचं नाव काय, तर म्हणाला "म्हस." बरं. पहिल्या दिवशी एवढंच. मी माझी ओळख करून दिली, आणि एक गोष्ट जी प्रत्येक पोराला पहिल्यांदा सांगते ती सांगितली, की तू सांगशील ते मी शाळेत सांगणार नाही, घरी सांगणार नाही, फक्त तीन गोष्टी सोडून: तुझ्या जिवाला धोका असेल तर, तुझ्यामुळे दुसऱ्याच्या जिवाला असेल तर, आणि कुणी मोठं माणूस तुझ्याशी घाण वागत असेल तर, त्यात पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) मला कळवावंच लागतं. हे आधी सांगितलं की पोरं बोलत नाहीत असं कुणाकुणाला वाटतं. माझा अनुभव उलटा आहे, नियम माहीत असला की ती खेळायला तयार होतात.

तिसऱ्या भेटीत बोलला. म्हशीकडे बघूनच बोलला. सकाळी दप्तर दिसलं की छातीत धडधड, हाताला मुंग्या, श्वास पुरत नाही, पोटात पीळ, "आन वाटतंय आता मरतोय बगा." एकदा शाळेच्या वाटेवर झालं, कॅनॉलच्या पुलावर, तेव्हापासून त्या पुलाची पण भीती. याला पॅनिक अटॅक म्हणतात हे मी त्याला सांगितलं, घरात चोर आला की कुत्रं भुंकतं तसं शरीर भुंकतं, आता तुझं कुत्रं वाऱ्याने पान हललं तरी भुंकायलंय, पण कुत्रं खोटं नाही आणि तू पण खोटा नाहीस. पोट खरंच दुखतं. भीतीत आतडी खरोखर आवळतात, सोनोग्राफीत ते दिसत नाही एवढंच. आणि घंटा झाल्यावर दुखायचं थांबतं ते नाटक म्हणून नाही, धोका टळला म्हणून. गोची अशी की प्रत्येक वेळी घरी राहिल्याने सुटका झाली की मेंदू शिकतो, बरं झालं नाही गेलो, आणि दुसऱ्या दिवशीची भीती आणखी मोठी होते. महिनाभर घरी बसलेलं पोरगं म्हणूनच "थोडा आराम करू दे, मग जाईल" असं कधी जात नाही.

मग मी तो प्रश्न विचारला जो विचारायला शिक्षकच काय, डॉक्टरसुद्धा कचरतात. सरळ शब्दात, कधी मरून जावं असं वाटतं का. असं विचारल्याने पोराच्या डोक्यात ते येतं हा समज चुकीचा आहे, उलट कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "झोपलो की उठूच नये आसं वाटतंय." काही ठरवलंयस का, काही करून बघितलंस का, नाही. तरी मी वर बघितलं, गोठ्याच्या फळीवर फवारणीच्या औषधाच्या बाटल्या. द्राक्षपट्ट्यात त्याला सगळे औषधच म्हणतात, आणि ते प्रत्येक घरात हाताच्या अंतरावर असतं.

त्याला म्हटलं, ही ती तीन गोष्टींतली पहिली आहे, मला आईला सांगावं लागणार, तू बरोबर बस. संध्याकाळी आई आली, सांगितलं. ती रडली नाही, हात धुतले आणि पोराजवळ जाऊन बसली. वडील मात्र भडकले, "काय पण बोलता मॅडम, पोराच्या डोक्यात घालाय लागलाय." तासभर गेला. शेवटी मी म्हणाले, तुमचं सगळं खरं धरू, फक्त औषधं घरातनं हलवा, त्यात तुमचं काय जातं? दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बाटल्या एका लोखंडी पेटीत घालून भावाच्या शेडात नेल्या, कुलूप लावलं, किल्ली भावाकडे. या अख्ख्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं काम कुठलं झालं विचाराल तर मी ही पेटी सांगेन, आणि ते वडिलांनी केलं.

त्याच रात्री आईबरोबर बसून १४४१६ ला फोन लावला, टेली मानस, २०२२ च्या १० ऑक्टोबरला सुरू झालेली केंद्र सरकारची हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास आणि मराठीत बोलता येतं. स्पीकरवर ठेवला. समोरच्या ताईंनी आईलाच जास्त बोलतं केलं आणि मानसोपचार तज्ज्ञाला दाखवा म्हणून सांगितलं. नंबर आईने चुन्याने चुलीमागच्या भिंतीवर लिहिला, अजून आहे.

दाखवणं ही वेगळीच गंमत. सरकारी ओपीडी चाळीस किलोमीटरवर, दोन एस्ट्या. पहिल्यांदा गेलो तर डॉक्टर शिबिराला, आईची हजेरी बुडाली, ऐन सीझनची. दुसऱ्यांदा भेटले, आणि डॉक्टर फार नीट बोलले, अर्धा तास दिला. निदान चिंतेचं, पॅनिकसकट, सोबत थोडं नैराश्य. गोळी सध्या नको म्हणाले, बोलणं चालू ठेवा, तीन आठवड्यांनी या, आणि काही झालं तरी घरी बसवून ठेवू नका. वडिलांना "मेंटलच्या डॉक्टरकडं" जाण्याची लाज वाटत होती, ते बाहेर टेम्पोवाल्यांशी बोलत उभे होते, डॉक्टरांनी शिपायाला पाठवून आत बोलावलं आणि म्हणाले, तुमचा मुलगा भित्रा नाही, एवढं सगळं घेऊन महिनाभर कुणाला न बोलता राहिला. वडील येताना एस्टीत काहीच बोलले नाहीत. उतरल्यावर पोराला भेळ घेतली.

मग पायऱ्या. भीतीला दहापैकी मार्क द्यायचे आणि कमी मार्काच्या गोष्टीपासून सुरू करायचं, ही पद्धत काही माझी नाही, जगभर वापरतात, पण पायऱ्या ज्याच्या त्याने ठरवायच्या. याच्या पायऱ्या: रविवारी चुलतभावाबरोबर पुलापर्यंत. रविवारी गेटपर्यंत. शाळा सुटताना लायब्ररीत येऊन पुस्तक घेऊन जाणं. शाळा चालू असताना लायब्ररीत एक तास. मग वर्गात दोन तास, मराठी आणि भूगोल. मग अर्धा दिवस. सगळ्यात वरती, दहापैकी दहा, इंग्रजीचा तास. प्रत्येक पायरीला भीती येणार, आली तरी थांबायचं, ती उतरेपर्यंत. वीस मिनिटांत उतरते बहुतेक वेळा. श्वासाचा व्यायाम दिला होता मी, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर, छापील कागद पण दिला, त्याला काही जमेना, मोजताना आणखी घाबरायचा. एक दिवस म्हणाला, "ताई, म्हस बसली की लई हळू श्वास घेती, मी तिच्यासंगं घेतो." संध्याकाळी तिच्या पोटाला पाठ लावून बसायचा. मी कागद परत घेतला. (मॅडमची ताई कधी झाले ते मला आठवत नाही.)

हेडसरांनी लायब्ररीतला तास हजेरीत धरला, ही छोटी गोष्ट वाटेल पण नाहीतर नाव कमी होतं आणि सगळंच संपतं.

जानेवारीत चौथी-पाचवी पायरी चालू होती, छान चाललं होतं, आणि मी खूश होते. पहिल्यांदाच वर्गात दोन तास बसून तो बाहेर पडला तर वऱ्हांड्यातून कुणीतरी ओरडलं, "टेबल आला रे!" हा मागच्या भिंतीवरून उडी मारून घरी. दोन आठवडे परत गोठा.

ही चूक माझी. मी दीड महिना त्या पोराला दुरुस्त करत बसले होते आणि ज्या वर्गात त्याला परत पाठवायचं तो वर्ग होता तसाच ठेवला होता. मग उलटं सुरू केलं. आधी त्या तिघांना बसवलं, एकेकट्याला, आईबापांना न बोलावता. शिक्षा करा असं शाळेत काहींचं म्हणणं होतं, क्लिप सगळीकडून काढणं आणि पुढे न पाठवणं एवढं मात्र सक्तीचं ठेवलं, बाकी ऐकून घेतलं. क्लिप शूट करणाऱ्या पोराच्या घरी रोज रात्री जे चालायचं ते ऐकून मला त्याच्यासाठी वेगळी फाईल उघडावी लागली. ती चिठ्ठी कुणी लिहिली असेल याचा मला अंदाज आहे, मी विचारलं नाही. मग नववी ब बरोबर चार तास घेतले, भाषण नाही, आवाज फुटणं म्हणजे काय, भीतीत शरीर काय करतं, आणि आपल्याला शाळेत सगळ्यात लाज कधी वाटली ते नाव न घालता लिहायचं. त्यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत एकच प्रसंग वेगवेगळ्या रूपात होता: उभं राहून वाचणं, किंवा मार्क मोठ्याने वाचून दाखवणं.

त्या चिठ्ठ्या घेऊन मी इंग्रजीच्या सरांकडे गेले. जायच्या आधी रात्री झोप नव्हती मला. सरांनी सगळ्या वाचल्या, चष्मा काढला, आणि बराच वेळाने म्हणाले, "मॅडम, मला चार्ज दिला तेव्हा मी नाही म्हणू शकलो असतो का?" पुढच्या तासापासून त्यांनी नंबराने वाचायला लावणं बंद केलं, ज्याला वाचायचंय त्याने वाचावं, नाहीतर जोडीने बाकावर बसून. मार्क वाचून दाखवणं पण बंद. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

इथे थोडं थांबून बिहारचं सांगते, कारण या प्रकरणात जे मला ठेच लागून कळलं ते तिथे आधीच मोजून झालंय. नालंदा जिल्ह्यातल्या पंचाहत्तरेक सरकारी माध्यमिक शाळांत, नववीच्याच पोरांवर, २०१५-१६ मध्ये सेहेर नावाचा एक प्रयोग झाला, त्यामागे गोव्यातली संगाथ ही संस्था, गोव्याच्या शाळांत केलेल्या आधीच्या कामावरून तो तयार झालेला. शाळांचे तीन गट केले. एका गटात बाहेरून नेमलेला, ट्रेनिंग दिलेला साधा माणूस, मानसोपचार तज्ज्ञ नाही, काम फक्त हेच. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम, पण शाळेतलाच शिक्षक करणार. तिसऱ्यात यातलं काहीच नाही. कार्यक्रमात चिठ्ठ्यांची पेटी होती, भित्तीपत्रक होतं, परिपाठात बोलणं होतं, वर्गातले तास होते आणि लागेल त्याला एकट्याने भेटणं होतं. म्हणजे एका पोरापेक्षा शाळेची हवा बदलण्यावर जोर. २०१८ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल छापून आला: बाहेरच्या माणसाच्या शाळांत वातावरण कितीतरी सुधारलं, नैराश्य, दादागिरी, मारामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत आणि तिसऱ्या गटातल्या शाळांत फरक नव्हता. तोच कार्यक्रम, तीच पेटी!

शिक्षक वाईट असतात म्हणून हे झालं असं मला वाटत नाही, आमच्या सरांएवढी माया मी तरी कमी लोकांत बघितलीये. पण ज्याच्या हातात मार्क आहेत, हजेरी आहे, वडिलांचा फोन नंबर आहे, आणि ज्याला पुढचा तास आहे, त्याच्यासमोर चौदा वर्षांचं पोरगं "काय न्हाई सर" हेच म्हणणार. आपणही हेच म्हणालो असतो.

मार्चपर्यंत तो अर्धा दिवस यायला लागला, वार्षिक परीक्षा सगळ्यांबरोबर त्याच हॉलमध्ये दिली, इंग्रजीची तोंडी सरांनी माझ्या खोलीत एकट्याची घेतली. बावन्न टक्के. आधीपेक्षा कमी, आणि वडिलांनी पेढे वाटले. डॉक्टरांना आणखी दोनदा दाखवलं, गोळी लागली नाही. दुसऱ्या कुणाला लागू शकते आणि त्यात कमीपणा काही नाही, हे आईला पण सांगून ठेवलंय. जूनमध्ये दहावीला गेला. त्यानंतर दोनदा अटॅक आला, एकदा बसमध्ये, एकदा सराव परीक्षेच्या आदल्या रात्री, दोन्ही वेळा त्याने स्वतः निभावलं. इंग्रजी मोठ्याने अजून वाचत नाही. नाव अजून कुणी कुणी घेतं, गावात नावं जात नाहीत.

आकड्यात सांगायचं तर निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वयातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार आढळला होता. आमच्या शाळेत त्या वयाची पावणेतीनशे-एक पोरं आहेत, म्हणजे वीस जण. त्या वर्षी माझ्यापर्यंत पोचले चार. बाकीचे सोळा कुठल्या बाकावर बसतात ते मला माहीत नाही, त्यांच्या फायली पोटदुखी, डोकेदुखी, "लक्ष नाही", "उद्धट आहे" अशा नावांनी दुसरीकडे कुठेतरी असणार.

आणि आता नवीन घोळ. २०२५ च्या जुलैत सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांबद्दलच्या निकालात पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या, शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेने निदान एक तरी प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सोशल वर्कर नेमायचा, मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, सगळ्यांसमोर लाज काढायची नाही. उत्तम आहे, मी वाचून नाचायचीच बाकी होते. पण शाळेत असा कागद आला की काय होतं? स्टाफ मीटिंग लागली, विषय निघाला, आणि कुणीतरी म्हणालंच, "आपल्याकडे आहेत की सर, सर्टिफिकेट पण आहे." कोर्टाला कळवायला नाव झालं, पगार वाचला. मी कोपऱ्यात बसलेले, मला बोलायचा हक्क नाही, मी बाहेरची. सर उभे राहिले आणि म्हणाले, "मी शिकवीन. ऐकायला दुसरं कुणी बघा." बसले. सर्टिफिकेट त्यांनी दुसऱ्या दिवशी भिंतीवरून काढलं, खिळा तेवढा आहे.

माझ्या दोन दिवसांचे पैसे एका देणगीतून येतात आणि ते मार्चपर्यंतच आहेत. हेडसरांनी पूर्णवेळ माणसासाठी संस्थाचालकांकडे अर्ज केलाय, त्याला नालंदाच्या अभ्यासाचं एक पान मराठीत लिहून जोडलंय. उत्तर आलेलं नाही.

परवा शुक्रवारी पेटी उघडली तर चार चिठ्ठ्या, आणि चारही एकाच विषयावर, नववी ब चा पंखा परत बंद पडलाय. यंदाची नववी नवीन आहे ना. वायरमनला फोन केलाय.